‘खेळा आणि कमवा’ म्हणणारा गेम तपासायचा कसा? डाउनलोडच्या आधीपासून पैसे अडकल्यानंतरपर्यंत

अशा गेमबद्दल विचारणाऱ्या बहुतेकांच्या हातात एकच पुरावा असतो. ‘शंभर रुपये काढून बघितले, पाच मिनिटांत खात्यात आले. म्हणजे ॲप खरं आहे ना? आता जास्त टाकू का?’ सगळा घोळ इथेच आहे. पहिला विड्रॉल मिळाला, याने काहीच सिद्ध होत नाही. फसवणारं ॲप तो मुद्दाम देतं, कारण त्याशिवाय दुसरी, मोठी रक्कम कुणी टाकत नाही.

कोलकात्याच्या ‘ई-नगेट्स’ या गेमिंग ॲपचं प्रकरण आठवा. सप्टेंबर 2022 मध्ये ईडीने तिथल्या गार्डन रीच भागात छापा घातला आणि 17 कोटींहून जास्त रोकड सापडली. ईडीने तेव्हा या ॲपची पद्धत सांगितली होती. सुरुवातीला खेळणाऱ्यांना कमिशन मिळायचं आणि वॉलेटमधले पैसे विनाअडथळा काढता यायचे. विश्वास बसल्यावर लोक मोठ्या रकमा टाकू लागले. पुरेशी रक्कम जमल्यावर एक दिवस विड्रॉल बंद झाला. सिस्टम अपग्रेड चालू आहे, तपास यंत्रणांची चौकशी चालू आहे, अशी कारणं दिली गेली. नंतर प्रोफाइलसकट सगळी माहिती सर्व्हरवरून पुसली गेली.

म्हणून तपासणी पैसे टाकण्याआधी संपली पाहिजे, आणि तीही क्रमाने. लोक नेमका उलटा क्रम धरतात: आधी इन्स्टॉल, मग रिचार्ज, मग विड्रॉल अडकला की रिव्ह्यू वाचायला बसतात. खाली जो क्रम दिला आहे त्यात एखाद्या टप्प्यावर ‘थांबा’ असं उत्तर आलं, तर पुढचे टप्पे बघायची गरज नाही.

टप्पा 1: पैसे नेमके कुणाच्या खिशातून येणार आहेत?

इन्स्टॉल करण्याआधी हा प्रश्न स्वतःला विचारा आणि उत्तर एका वाक्यात सांगता येतंय का बघा. गेमचं नाव, रंगरूप, बक्षिसाची रक्कम हे सगळं बाजूला ठेवा. पैसे देणाऱ्या गेमचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात.

पहिला प्रकार: तुम्ही पैसे टाकता, खेळता, आणि जिंकलात तर जास्त परत मिळतात. रम्मी, तीन पत्ती, पोकर, पैसे लावून फँटसी क्रिकेट, लाल-हिरव्यावर पैसे लावायचे कलर प्रेडिक्शन, विमान उडतं आणि आकडा वाढत जातो तो एव्हिएटरसारखा खेळ, कुणा एजंटकडून ‘आयडी’ घेऊन खेळायची बेटिंग. इथे जिंकणाऱ्याचे पैसे हरणाऱ्यांकडून येतात आणि मधला हिस्सा ॲपवाला ठेवतो.

दुसरा प्रकार: तुम्ही काहीच टाकत नाही. गेम खेळता, मध्ये मध्ये जाहिराती बघता, कॉइन जमतात, कॉइनचे रुपये होतात. इथे पैसे जाहिरातदाराचे असतात आणि त्यातला अगदी थोडा वाटा तुम्हाला मिळतो. प्रामाणिक ॲप असतात ती याच गटात. पण त्यांची ऐपतही इथेच कळते. एक जाहिरात दाखवल्याचे ॲपला आपल्याकडे सहसा रुपयाचा छोटासा भागच मिळतो. तेव्हा ‘रोज 500 रुपये नक्की’ म्हणणारं ॲप जाहिरातींच्या कमाईवर ते देऊच शकत नाही. दावा मोठा असेल तर पैशाचा झरा कुठेतरी दुसरीकडे आहे, आणि बहुधा तो तुमच्यासारख्याच कुणाच्या तरी खात्यात आहे.

तिसरा प्रकार: नाव गेमचं, पण काम टास्कचं. ‘व्हीआयपी 1 साठी 500 भरा, रोज इतके टास्क, इतकी कमाई’, ‘तीन मित्र जोडा, लेव्हल उघडेल’. हा गेम नव्हेच, साखळी आहे. नव्याने येणाऱ्याच्या भरण्यातून जुन्याला दिलं जातं, आणि नवे येणं थांबलं की सगळं थांबतं.

तपासा: ‘पैसे कोण देतंय’ याचं उत्तर ‘कंपनी देते’ असं येत असेल, तर ते उत्तर नव्हे. कंपनीला कोण देतं, तिथपर्यंत जा.

तिसऱ्या प्रकारात असाल तर इथेच थांबा. पहिल्या प्रकारात असाल तर पुढचा टप्पा वाचा आणि थांबा.

टप्पा 2: कायद्याची चाळणी

‘रम्मी तर स्किल गेम आहे, कोर्टानेच सांगितलंय’ हे वाक्य अजूनही छातीठोकपणे सांगितलं जातं. ऑनलाइन खेळापुरतं ते आता कामाचं राहिलेलं नाही. संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला आणि 22 ऑगस्टला राष्ट्रपतींनी त्याला संमती दिली. या कायद्यात ‘ऑनलाइन मनी गेम’ म्हणजे पैसे भरून, पैसे जिंकायच्या आशेने खेळायचा खेळ. तो कौशल्याचा आहे की नशिबाचा, हा फरकच त्यात ठेवलेला नाही. असे खेळ पुरवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 कोटी रुपयांपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला 2 वर्षांपर्यंत कैद आणि 50 लाखांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. बँका आणि पेमेंट कंपन्यांनी असे व्यवहार पुढे न्यायचे नाहीत, असंही त्यात आहे. हा कायदा मंजूर होताच ड्रीम 11, एमपीएल, झुपी अशा मोठ्या नावांनी पैशांचे खेळ बंद केले.

याचा सरळ अर्थ असा. मोठ्या, नोंदणीकृत कंपन्यांनी बंद केलेला खेळ एखादं अनोळखी ॲप आजही ‘डिपॉझिट करा, जिंका’ म्हणून चालवत असेल, तर ते बाहेरच्या देशातून चालतं किंवा लपून चालतं. तिथे तुमचे पैसे अडकले तर दाद मागायला समोर पत्ताच नसतो. ‘आमच्याकडे क्युरासावचं लायसन्स आहे’ असं काही जण दाखवतात. परदेशी बेटाच्या परवान्याने भारतात पैशाचा खेळ चालवायची मुभा मिळत नाही.

एक पळवाट ओळखून ठेवा. कायद्याने ई-स्पोर्ट्सला, म्हणजे स्पर्धा म्हणून खेळायच्या व्हिडिओ गेमना, वेगळी जागा दिली आहे, आणि तिथे भाग घेण्याची फी व कामगिरीवर बक्षीस असू शकतं. त्यामुळे बरेच जुने खेळ आता ‘ई-स्पोर्ट्स टूर्नामेंट’ अशी पाटी लावून येतात. खऱ्या ई-स्पोर्ट्सला मान्यता आणि नोंदणी लागते, आणि निकालावर पैसे लावणं त्यात बसत नाही. लुडोच्या चार जणांच्या टेबलावर प्रत्येकी 50 रुपये घेऊन जिंकणाऱ्याला 180 देणं हा ई-स्पोर्ट्स नव्हे.

महत्त्वाचं: खेळणाऱ्याला शिक्षा करणं हा या कायद्याचा हेतू नाही. पैसे गमावून बसलेले अनेक जण ‘तक्रार केली तर मीच अडकेन’ या भीतीने गप्प राहतात. ही भीती मनातून काढून टाका. ती फक्त फसवणाऱ्याच्या उपयोगाची आहे.

इथून पुढचे टप्पे 3 ते 7 फक्त दुसऱ्या प्रकारासाठी आहेत, म्हणजे ज्यात एक पैसाही भरावा लागत नाही असे गेम.

टप्पा 3: ॲप आलं कुठून?

लिंक व्हॉट्सॲपवर किंवा टेलिग्रामवर आली आणि ती थेट एपीके फाइल उतरवते, तर विषय संपला. एपीके म्हणजे दुकानाबाहेरून आलेलं ॲप. ते प्ले स्टोअरच्या तपासणीतून गेलेलं नसतं, आणि उद्या ते गायब झालं तर त्याचा मागही राहत नाही.

प्ले स्टोअरवर असेल तरी तेवढ्याने निर्धास्त होऊ नका. तिथलं पान असं वाचा:

1. डेव्हलपरच्या नावावर टॅप करा. त्याची बाकीची ॲप कोणती आहेत? एकाच नावाखाली ‘कॅश’, ‘लकी’, ‘रिवॉर्ड’ अशी दहा सारखीच ॲप दिसली तर मागे फिरा.
2. ‘या ॲपबद्दल’ उघडून ते पहिल्यांदा कधी आलं ते बघा. दोन महिन्यांपूर्वीचं ॲप आणि त्यात ‘लाखो विजेते’ हे जुळत नाही.
3. संपर्काचा ईमेल आणि पत्ता बघा. फुकटातला साधा ईमेल आणि पत्ताच नाही, अशा ठिकाणी पैसे अडकल्यावर विचारणार कुणाला?
4. डेटा सेफ्टीचा भाग वाचा. कोडी सोडवायच्या गेमला तुमचे कॉन्टॅक्ट आणि मेसेज कशाला हवेत?
5. रिव्ह्यू सगळ्यात शेवटी, पण नीट. ‘सर्वात नवीन’ अशी क्रमवारी लावा, मग फक्त एक स्टारचे वाचा.

रिव्ह्यूबाबत थोडं थांबून सांगतो, कारण लोक इथेच हमखास चुकतात. वरचे, ‘सर्वात उपयुक्त’ म्हणून दिसणारे रिव्ह्यू जुने असतात आणि पाच स्टारचे बरेच रिव्ह्यू ॲपनेच कॉइन देऊन लिहून घेतलेले असतात. ‘पाच स्टार द्या, 200 कॉइन मिळवा’ हा निरोप तुम्हालाही येईल. ‘गुड ॲप’, ‘नाइस अर्निंग’ अशा दोन शब्दांच्या रिव्ह्यूंना किंमत देऊ नका. एक स्टारवाल्यांमध्ये एकच तक्रार वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या शब्दांत केली आहे का, ते शोधा. ‘290 झाले आणि मग पुढे सरकेचना’, ‘विड्रॉल महिनाभर पेंडिंग’, ‘पैसे काढायला गेलो आणि खातं ब्लॉक केलं’ अशा ओळी गेल्या दोन-तीन आठवड्यांतल्या असतील, तर तुमच्या वाट्यालाही तेच येणार.

टप्पा 4: जाहिरातीतला चेहरा आणि स्क्रीनशॉट

जानेवारी 2024 मध्ये सचिन तेंडुलकर एका गेमिंग ॲपची शिफारस करतोय, असा व्हिडिओ फिरत होता. चेहरा त्याचा, आवाज त्याच्यासारखा, आणि त्यात मुलीचं नावही घेतलेलं. तो व्हिडिओ बनावट असल्याचं सचिनने स्वतः जाहीर केलं आणि मुंबईत गुन्हा दाखल झाला. तेव्हापासून हे तंत्र आणखी स्वस्त झालं आहे. त्यामुळे नियम साधा ठेवा: ओळखीचा चेहरा दिसला म्हणून एक गुणही वाढवायचा नाही.

खात्यात पैसे जमा झाल्याचे स्क्रीनशॉट दाखवणाऱ्या टेलिग्राम ग्रुपचंही तेच. तिथे रोज ‘धन्यवाद सर, 8,000 मिळाले’ लिहिणारे बरेचसे त्याच टोळीतले असतात. खात्री करायची असेल तर ग्रुपमध्ये विड्रॉल न मिळाल्याचा साधा प्रश्न टाकून बघा. मेसेज पुसला गेला किंवा तुम्हाला ग्रुपमधून काढलं, की उत्तर मिळालं.

आणि हो, लिंक पाठवणारा तुमचा मावसभाऊ असला तरी तपासणी टाळू नका. तो खोटं बोलतोय असं नाही. त्याला रेफरलचे पैसे मिळतात आणि त्याचे स्वतःचे अजून अडकायचे आहेत.

टप्पा 5: फोन आणि खातं आधी तयार करा

ही तयारी बहुतेक जण करतच नाहीत.

- ज्या खात्यात पगार किंवा घरखर्चाचे पैसे येतात ते खातं अशा ॲपला जोडू नका. कमी शिल्लक ठेवलेलं वेगळं बचत खातं असेल तर तेवढंच वापरा.
- यूपीआय ॲपमध्ये जाऊन ऑटोपेची (आपोआप पैसे कापायला दिलेल्या मंजुऱ्यांची) यादी उघडा आणि आधीपासून काय काय मंजूर आहे ते बघून ठेवा. नंतर नवीन काही घुसलं तर लगेच दिसेल.
- प्ले प्रोटेक्ट (फोनमधली ॲप तपासणारी गुगलची सोय) चालू आहे ना, ते प्ले स्टोअरच्या प्रोफाइलमध्ये जाऊन बघा.
- लॉगिनसाठी वेगळा ईमेल वापरा. बँकेला जोडलेला ईमेल आणि त्याचाच पासवर्ड कधीच नको.
- फोन मुलांच्या हातात जात असेल तर प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा मागण्याची सेटिंग लावा, आणि यूपीआयचा पिन मुलांसमोर टाकू नका. मुलं आकडे लक्षात ठेवतात.

टप्पा 6: परवानग्या देताना हात आवरा

इन्स्टॉल झाल्यावर ॲप एकामागून एक परवानग्या मागतं आणि आपण ‘अलाउ, अलाउ’ करत सुटतो. प्रत्येक ठिकाणी थांबा.

मेसेज वाचण्याची परवानगी म्हणजे ओटीपी त्याच्या हातात. नोटिफिकेशन वाचण्याची परवानगीही तितकीच धोक्याची. कॉन्टॅक्टची परवानगी दिली तर उद्या तुमच्या नावाने सगळ्या नातेवाइकांना लिंक जाऊ शकते, किंवा वसुलीच्या नावाखाली त्यांना फोनही. पण सर्वात घातक आहे ती ॲक्सेसिबिलिटीची परवानगी. ती दृष्टिहीन किंवा हात चालत नसलेल्या माणसांना फोन वापरता यावा म्हणून बनवली आहे, त्यामुळे ती मिळालेलं ॲप स्क्रीनवरचं सगळं वाचू शकतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबू शकतं. कुठल्याही गेमला तिची गरज नसते.

अँड्रॉइड 13 पासून बाहेरून आलेल्या ॲपला ही परवानगी द्यायला गेलं की फोन स्वतःच अडवतो आणि ही सेटिंग सुरक्षेसाठी बंद आहे असं सांगतो. मग ‘कस्टमर केअर’वाला फोन करून शिकवतो: ॲप इन्फोमध्ये जा, वरचे तीन ठिपके दाबा, ‘अलाउ रिस्ट्रिक्टेड सेटिंग्ज’ करा. कुणी हे तीन ठिपके दाबायला सांगितलं, की फोन ठेवा आणि ॲप काढून टाका. स्क्रीन शेअर करायचं ॲप घ्यायला सांगितलं तरी तेच.

तपासा: ॲप काढताच येत नसेल, तर आधी सेटिंगमध्ये जाऊन त्याची ॲक्सेसिबिलिटी आणि डिव्हाइस ॲडमिनची परवानगी बंद करा, मग काढा.

टप्पा 7: खेळायच्या आधी विड्रॉलचं पान वाचा

गेम उघडल्यावर पहिल्यांदा खेळू नका, वॉलेट उघडा. कागदावर चार गोष्टी लिहा: किमान किती रुपये झाल्यावर काढता येतात, ते कशात मिळतात (बँक, यूपीआय की फक्त कूपन), किती दिवसांत, आणि कॉइनची मुदत किती.

आता फसव्या रिवॉर्ड गेमची चाल बघा, म्हणजे स्क्रीनवर दिसली की ओळखता येईल. पहिल्या दोन मिनिटांत 40 रुपये जमा होतात. नोटांचा पाऊस पडल्यासारखा आवाज येतो. दुसऱ्या लेव्हलला 90, पाचव्याला 170. किमान विड्रॉल 300. तुमचे 250 होतात, 280, 292. आणि मग प्रत्येक लेव्हलला 40 पैसे, 10 पैसे, 2 पैसे. 299.60 वर आकडा रेंगाळत राहतो. दरम्यान दर मिनिटाला एक जाहिरात तुम्ही बघितलेली असते, त्याचे पैसे ॲपला मिळून गेलेले असतात. जिद्दीने 300 गाठलेच, तर ‘आता 50 जाहिराती बघा’, मग ‘तुमचा रांगेत नंबर 12,000’, मग ‘रोज लॉगिन करा, सात दिवस’. ही रांग कधीच संपत नाही, कारण ती बनवलेलीच तशी असते.

प्रामाणिक रिवॉर्ड ॲपमध्ये कमाईचा वेग पहिल्या दिवसापासून कमी आणि बऱ्यापैकी सारखा असतो, किमान रक्कम लहान असते, आणि बऱ्याचदा पैसे रोख न मिळता कूपन किंवा स्टोअर क्रेडिट मिळतं. अशा ठिकाणी महिन्याला चहाचे पैसे सुटले तर खूप. याला कमाई म्हणून वेळ देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. तरी खेळायचंच असेल तर एक मुदत ठरवा: एवढ्या दिवसांत पहिला विड्रॉल नाही आला तर ॲप काढायचं. मुदत वाढवायची नाही.

या टप्प्यावर पुढच्या तीन मागण्यांपैकी एकही आली तर तिथेच थांबा.

पहिली, ‘पैसे काढण्यासाठी आधी टॅक्स किंवा जीएसटी भरा’. कर कधीच असा मागितला जात नाही. ऑनलाइन गेममधल्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर एप्रिल 2023 पासून 30 टक्के टीडीएसचा नियम आला, पण तो देणारा तुमच्या जिंकलेल्या रकमेतून कापून घेतो आणि उरलेले देतो. तुम्ही वेगळे पैसे पाठवायचे आणि मग तुमचे सुटणार, अशी पद्धत कुठल्याही करात नाही. व्हेरिफिकेशन चार्ज, फाइल चार्ज, खातं अनफ्रीझ करण्याचा चार्ज, सगळे एकाच माळेचे मणी.

दुसरी, ‘पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन टाका’ किंवा ‘हा क्यूआर स्कॅन करा’. पिन पैसे द्यायला लागतो. घ्यायला कधीच नाही.

तिसरी, ‘एक रुपया भरून खातं पडताळा’. हा रुपया बऱ्याचदा ऑटोपेची मंजुरी असतो. एकदा पिन टाकून मंजुरी दिली की 15,000 रुपयांपर्यंतची पुढची कपात पुन्हा पिन न विचारता होऊ शकते. पिन टाकण्याच्या स्क्रीनवर ‘मँडेट’ किंवा ‘ऑटोपे’ हा शब्द आणि कमाल रक्कम लिहिलेली असते, ती वाचा. चुकून दिलीच असेल तर यूपीआय ॲपमध्ये जाऊन ती मंजुरी लगेच रद्द करा.

केवायसीबद्दलही, म्हणजे ओळख पटवायला मागतात त्या कागदांबद्दलही, इथेच सांगतो. पाच-पन्नास रुपयांच्या कूपनसाठी आधार, पॅन आणि हातात कागद धरून काढलेला सेल्फी व्हिडिओ मागत असतील, तर त्यांना तुमच्या खेळात रस नाही, तुमच्या ओळखीत आहे. त्या कागदांवर दुसऱ्याच कुणीतरी कर्ज किंवा बँक खातं काढू शकतं. कुठे आधार द्यावाच लागला तर यूआयडीएआय या आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या साइटवरून मास्क केलेला आधार काढा. त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात.

टप्पा 8: पैसे अडकले किंवा गेले, तर पहिल्या तासात काय करायचं

इथे क्रमाला सगळ्यात जास्त किंमत आहे, आणि इथेच लोक सगळ्यात जास्त वेळ घालवतात. पहिली चूक म्हणजे ॲपच्या कस्टमर केअरशी वाद घालत बसणं. ते तुम्हाला मुद्दाम दोन दिवस बोलण्यात गुंतवतात, कारण तेवढ्यात पैसे चार खाती फिरून एटीएममधून बाहेर पडलेले असतात. दुसरी चूक म्हणजे रागाने ॲप आणि चॅट डिलीट करणं.

1. आणखी एक रुपयाही पाठवू नका. ‘शेवटचा चार्ज’ कधीच शेवटचा नसतो.
2. लगेच 1930 वर फोन करा. आर्थिक सायबर फसवणुकीसाठी हा राष्ट्रीय क्रमांक आहे. तक्रार नोंदली की पैसे ज्या खात्यांत गेले ती रक्कम रोखण्याचा निरोप बँकांना जातो. पैसे खात्यात असेपर्यंतच ते रोखता येतात, म्हणून मिनिटं मोजा.
3. फोनवर सांगण्यासाठी बँकेचा मेसेज किंवा यूपीआयचा इतिहास उघडून हे समोर ठेवा: 12 आकडी यूटीआर क्रमांक (प्रत्येक व्यवहाराचा वेगळा क्रमांक), तारीख आणि वेळ, रक्कम, पैसे घेणाऱ्याचा यूपीआय आयडी किंवा खाते क्रमांक. पाच वेळा पैसे पाठवले असतील तर पाचही व्यवहार सांगा. घाईत लोक शेवटचाच सांगतात.
4. स्क्रीनशॉट घ्या: वॉलेटमधली शिल्लक, विड्रॉलचा ‘पेंडिंग’ शेरा, पैसे मागणारे मेसेज, टेलिग्राम ग्रुपचं नाव आणि ॲडमिनचा नंबर, ॲपचं प्ले स्टोअरचं पान किंवा लिंक.
5. बँकेच्या अधिकृत क्रमांकावर फोन करून कार्ड आणि यूपीआय बंद करायला सांगा. क्रमांक कार्डच्या मागचा घ्या. गुगलवर शोधून मिळालेला ‘कस्टमर केअर’ नंबर बऱ्याचदा ठगांचाच निघतो.
6. मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार पूर्ण करा. 1930 वर मिळालेला पोच क्रमांक जपून ठेवा, पुढे प्रत्येक ठिकाणी तोच विचारतात.
7. जवळच्या पोलीस ठाण्यात जा. ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ असं सांगितलं तर झिरो एफआयआरचा आग्रह धरा. हद्द कुठलीही असली तरी तक्रार नोंदवून घ्यायची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे.

बँकेकडून काय अपेक्षा ठेवायची, हेही नीट समजून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकात ग्राहकाची चूक नसताना झालेल्या अनधिकृत व्यवहाराबद्दल तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर बोजा येत नाही, असं म्हटलं आहे. पण तुम्ही स्वतः पिन टाकून पैसे पाठवले असतील तर बँक तो व्यवहार तुमचा मानते. म्हणून ॲपने तुमच्या नकळत पैसे काढले, की तुम्ही फसून पाठवले, हे तक्रारीत जसं घडलं तसंच लिहा. बँकेकडे लेखी तक्रार देऊन 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं. त्यासाठी फी नसते.

टप्पा 9: जिंकलेले पैसे आले आणि खातंच होल्ड झालं

हा प्रकार कमी सांगितला जातो आणि जास्त त्रास देतो. तुम्हाला 2,000 चा विड्रॉल मिळाला, पण तो कंपनीच्या खात्यातून न येता कुठल्यातरी ट्रेडर्सच्या किंवा अनोळखी माणसाच्या खात्यातून आला. ते पैसे दुसऱ्या राज्यात कुणाला तरी फसवून मिळवलेले होते. त्याने तक्रार केली, पैशाचा माग काढत पोलीस तुमच्या खात्यापर्यंत पोहोचले, आणि एका सकाळी दूधवाल्याला पैसे देता देता कळलं की खातं चालत नाही.

अशा वेळी बँकेत जाऊन चार गोष्टी लेखी मागा: होल्ड कुठल्या पोलीस ठाण्याच्या पत्रावर आहे, तक्रार क्रमांक काय, नेमकी किती रक्कम अडवली आहे, आणि कोणत्या व्यवहारामुळे. वाद 2,000 चा असेल तर होल्ड तेवढ्यापुरताच ठेवावा आणि बाकीचं खातं मोकळं करावं, असा अर्ज बँकेला आणि त्या तपास अधिकाऱ्याला, दोघांनाही द्या. सोबत ॲपचे स्क्रीनशॉट जोडा. पोलिसांपासून काही लपवू नका.

धोक्याची सूचना, विशेषतः कॉलेजच्या मुलांसाठी: ‘तुझं खातं आमच्या गेमसाठी वापरायला दे, दर महिन्याला 5,000 देतो’ ही मागणी गावोगावी पोहोचली आहे. पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम दिलं की त्या खात्यातून फिरलेल्या प्रत्येक रुपयाचा जाब तुम्हालाच विचारला जातो. इथे तुम्ही फसलेले ठरत नाही, आरोपी ठरता. आधीच दिलं असेल तर आजच बँकेला कळवून खातं बंद करा आणि वकिलाच्या सल्ल्याने स्वतःहून पोलिसांकडे जा.

तक्रारीनंतरचे काही आठवडे

पोर्टलवर दर थोड्या दिवसांनी स्थिती बघत राहा. बँकांनी रक्कम रोखली असेल तर ती परत मिळवायला बऱ्याचदा न्यायालयाचा आदेश लागतो. त्यासाठी कुठला अर्ज करायचा ते तपास अधिकाऱ्याला विचारा.

या काळात तुम्हाला फोन येतील. ‘सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, 10 टक्के भरा’, ‘आम्ही हॅकर आहोत, परत मिळवून देतो’. ज्यांनी पहिल्यांदा लुटलं त्यांच्याकडेच तुमचा नंबर आणि गेलेल्या रकमेचा आकडा असतो, त्यामुळे हे लोक सगळं बरोबर सांगतात. पोलीस किंवा बँक पैसे परत देण्यासाठी पैसे मागत नाहीत. असे नंबर दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर, संशयास्पद फोन-मेसेज कळवायच्या ‘चक्षू’ या सोयीत कळवा.

घरात कुणी हरलेले पैसे भरून काढायला पुन्हा पुन्हा खेळत असेल, उधारी लपवत असेल, जेवण-झोप सुटली असेल, तर आधी त्याच्याशी शांतपणे बोला आणि हिशेब नंतर करा. टेली मानस या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक 14416 आहे. तिथे चोवीस तास फुकट बोलता येतं, मराठीतही. त्याच्या फोनवरून ॲप काढायचं, यूपीआयची रोजची मर्यादा कमी करायची आणि उधारीची खरी यादी करायची, हे त्याला सोबत घेऊनच करा.